टँकरचं चौथं चाक

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि मागोमाग दुष्काळही आला. मुरुडच्या पुढच्या एका वस्तीवर पाणी घेऊन निघालेला टँकर उताराच्या तोंडाशीच, लोहाराच्या झोपडीपुढं थांबला. ब्रेकचं पायडल दाबलं की भसकन आत जात होतं. ड्रायव्हर भीमानं चाकांना दगड लावले आणि गुरुलिंग मिस्त्रीला आणलं.

भर दुपार होती. माणसं रोजगार हमीच्या कामावर गेलेली. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

“लायनीत हवा धरलीय,” गाडीखाली सरपटत गुरुलिंग म्हणाला. “तू वर बस आन् मी सांगंल तसं पायडल दाब.”

“हाव. पर मिस्त्री, मागचा डायव्हर सिद्धलिंग याच शिटावर बसल्या बसल्या मेला म्हनत्यात.”

“मुकाट्यानं दाब!”

“दाब! धर!” म्हटलं की गुरुलिंग चाकाचं हवा सोडायचं निपल ढिलं करी, बाटलीत तेलाबरोबर बुडबुडे येत. निपल आवळलं की “सोड!” तीन चाकं अशी झाली. चौथ्याला मात्र पायडल निराळंच चालू लागलं. सावकाश, एका लयीत, कुणी श्वास घ्यावा तसं.

“आता लई झ्याक जमायलंय, भीमा!”

वरून नुसतं “हं” आलं. आडातून आल्यागत.

शेवटचा बुडबुडा गेला. निपल आवळून गुरुलिंग बाहेर आला, तर ओढ्याकडून टमरेल घेऊन भीमा येत होता.

“तू हितं? मग वर कोन हाय?”

“कोन असनार? मी तुमाला सांगूनच गेलतो की!”

दोघांनी काचेतून पाहिलं. शीट रिकामं. आणि गाडीच्या मागं ब्रेकचा लाल दिवा जळत होता, म्हणजे पायडल अजून दाबलेलंच.

भीमाच्या हातातलं टमरेल पडलं. “मी न्हाई चालवत. ऱ्हाऊ द्या टँकर हितंच.”

“आन् वस्तीनं काय प्यावं?” गुरुलिंग म्हणाला. पान्हा उगारून त्यानं दार ओढलं.

खाली पत्र्यावर, पायडलपाशी, लोहाराची म्हातारी धुरपताबाई बसली होती. दोन्ही हातांनी पायडल दाबून धरलेलं, तोंड मिश्रीनं भरलेलं.

पचकन थुंकून ती म्हणाली, “तू दाब दाब वरडतूस आन् वर कुनीच न्हाई. शिटावरनं पाय पुरंना, म्हनून हातानं दाबलं. जल्म भाता ओढन्यात गेलाय माझा.” मग कळवळून म्हणाली, “पर बाबा, आता सोड म्हन की! हात भरून आले.”