वीस मिनिटांचे उड्डाण, अकरा फेऱ्या

अंतर मोजता येते, म्हणूनच माणूस प्रवासाला निघण्याचे धाडस करतो. नेपाळात भरतपूर ते काठमांडू हे अंतर आकाशमार्गे सुमारे नव्वद किलोमीटर आहे. तिकिटावर उड्डाणाची वेळ वीस मिनिटे छापलेली असते आणि ती अचूक आहे. (उतरायला जागा मिळेपर्यंत विमान जे गोल फिरते त्याला उड्डाण म्हणत नाहीत, प्रतीक्षा म्हणतात. ती मोफत असते.)

नेपाळच्या दसऱ्याला, म्हणजे दशैंला, थोरले धाकट्यांना टिळा लावतात; यंदा त्याचा मुहूर्त अकरा त्रेपन्नचा होता. भरतपूरचे हुमनाथ लामिछाने पत्नी देवकलासह दहा चाळीसच्या विमानात बसले. त्यांचे थोरले बंधू टेकनाथ, म्हणजे त्यांचे 'दाइ', काठमांडूत असतात. बांधावरच्या एका फणसावरून दोघांत सहा वर्षे अबोला होता. आठवड्यापूर्वी थोरल्यांनी निरोप धाडला, "मुहूर्ताला ये, टिळा लावतो. चुकलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

विमान वर गेले आणि थांबले, म्हणजे फिरू लागले. सणामुळे आकाशातली रांग लांबली होती; तिचे शेपूट भरतपूरवरच आले होते. दर आठ मिनिटांनी हुमनाथांना स्वतःच्याच घराचे छप्पर दिसे.

"अहो, म्हैस सुटली," दुसऱ्या फेरीत देवकला म्हणाल्या. (तीन किलोमीटर उंचीवरून म्हैस दिसत नाही, असे विमान कंपनीचे म्हणणे आहे. स्वतःची दिसते.)

"म्हशीचं काय घेऊन बसलीस? तिकडे दाइ ताट घेऊन बसले असतील."

पाचव्या फेरीत त्या म्हणाल्या, "आपल्या अंगणात पांढरी जीप कुणाची हो?"

"असेल कुणाची तरी. खाली बघू नकोस, चक्कर येईल."

आठव्या फेरीत मुहूर्त टळला. हुमनाथांनी घड्याळ काढून खिशात ठेवले. अकरा फेऱ्या पूर्ण करून बारा पस्तीसला विमान काठमांडूत उतरले. फोन सुरू करताच तो वाजला.

"हुम्या, आहेस कुठे तू?"

"काठमांडूत, दाइ. आत्ता उतरलो. मुहूर्त चुकला, पण..."

"काठमांडूत? अरे, तू कसला येतोस म्हणून मीच पहाटे जीप काढली! तुझ्या अंगणात उभा आहे. दाराला कुलूप, आणि डोक्यावर तासभर कुठलं मेलं विमान भुणभुणत होतं."

हुमनाथांनी खिशातले घड्याळ काढून पुन्हा मनगटावर चढवले.

"म्हैस सुटली होती, बांधली. मुहूर्त वाया जाऊ नये म्हणून तिलाच टिळा लावला. आता संध्याकाळपर्यंत थांबतो. पण विमानानं येऊ नकोस. बसनं ये."

कंपनीने रीतसर चौकशी केली. निष्कर्ष समाधानकारक निघाले. एक, प्रत्येक फेरीत निम्मा वेळ विमान काठमांडूच्याच दिशेने जात होते. दोन, ऐन मुहूर्तावर दोन्ही बंधूंमधले अंतर तीन किलोमीटर होते, म्हणजे सहा वर्षांतले सर्वांत कमी. सबब सेवा यशस्वी.

या यशानंतर कंपनीने प्रवाशांसाठी दोन रकान्यांचा अर्ज काढला आहे: भावाच्या घराचे अंतर, आणि तिथे पोचायला लागलेला वेळ. मराठी वाचकांसाठी मी तो मागवून घेतला. आपल्याकडची गरज पाहून पहिल्या रकान्यात 'एक जिना' असे आधीच छापून दिले आहे. दुसऱ्यात फक्त वर्षे भरावीत.