ताईच्या अझेलियाची मुळं

झुडूप उपटायचा छोटूचा अजिबात विचार नव्हता. खोडाजवळचं गवत काढताना त्याने आधाराला फांदी धरली आणि कमरेएवढी अझेलिया अलगद हातात आली. जमिनीने साधी तक्रारसुद्धा केली नाही.

पंचेचाळिशी ओलांडली तरी ताईसाठी तो छोटूच होता. लेकीकडे जाताना तिने बजावलं होतं, "बाकी काही वाळलं तर वाळू दे. अझेलियाला जप. ह्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला आणलीय." झुडूप मलूल दिसायला लागल्यावर छोटूने पाणी वाढवलं. ते आणखी मलूल झालं, त्याने आणखी वाढवलं. आणि आज, ताई-भावोजी परतायच्या दिवशीच, हा प्रकार.

खाली मुळं नव्हतीच. कुरतडलेल्या खोडाला दोन-चार धागे लोंबत होते. खड्ड्यात पांढऱ्या, जाडसर अळ्या अंग मुडपून पडल्या होत्या. छोटूने एक अळी चहाच्या कपात घेतली, झुडूप खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यावरची नर्सरी गाठली.

नर्सरीवाल्या बाईंनी कपात डोकावलं. "पाय आहेत का हिला?"

"मी कशाला बघू?"

"बघा. पाय असले तर वेगळी अळी, नसले तर वेगळी."

छोटूने कप डोळ्यांजवळ नेला. "नाहीत. डोकं तपकिरी आहे."

"आणि पानांच्या कडा बघा, कंडक्टरने तिकिटाला चिमटा मारल्यासारख्या. सोंडे आहेत. मोठे पानं खातात, पिल्लं मुळं."

"सोंडे तर धान्यात असतात!"

"हे त्यांचे बागेतले भाऊबंद. ही अझेलिया गेली. शेजारची झुडपं वाचवायची तर सूत्रकृमी घाला. बारीक जंत असतात, अळीच्या पोटात शिरून तिला मारतात. आधी माती भिजवा, मग ऊन उतरल्यावर पाण्यात कालवून मुळाशी ओता."

"म्हणजे ताईच्या बागेत मीच जंत सोडू?"

तेवढ्यात फोन वाजला. ताई. "स्टेशनवरून निघालोय रे. पोचतोच."

छोटूच्या तोंडचं पाणी पळालं. जंतांचं पाकीट खिशात कोंबून त्याने कोपऱ्यातल्या झुडपाकडे बोट दाखवलं. "ती अझेलियाही द्या. अगदी तश्शीच आहे."

"त्या मातीत लगेच लावू नका हं. अळ्या हिचीही मुळं खातील."

"मग काय करू?"

"कुंडीसकट पुरा."

दोन्ही झुडपं घेऊन तो ताईच्या बागेत परतला, पण कुंडी खड्ड्यात बसेना. खड्डा खोल केला तर झुडूप बुटकं, माती भरली तर उंच. शेवटी एकदाची बसली. कुंडीची कड पाल्याखाली दडपतोय तोच फाटक वाजलं. जुनं झुडूप त्याने पाण्याच्या टाकीमागे भिरकावलं.

ताई घरात गेलीच नाही. बॅग वाटेत ठेवून ती थेट अझेलियापाशी आली.

"टवटवीत दिसतेय," ती म्हणाली, पण आवाजात आनंद नव्हता. तिने खोड धरलं.

"ताई, नको!"

तिने हिसका दिला. झुडूप कुंडीसकट वर आलं.

छोटूने डोळे मिटले. बराच वेळ ओरडा ऐकू येईना म्हणून उघडले, तर ताईचाच चेहरा पांढराफटक.

"माझी कुठाय?"

"टाकीमागे. ताई, शप्पथ, मी फक्त गवत काढत होतो. मुळं आधीच खाल्लेली..."

"माहितीये मला. हळू बोल." भावोजी फाटकापाशी सामान उतरवत होते. "निघायच्या आदल्या दिवशी माझ्याही हातात अशीच आली होती. मीच परत खोचून ठेवली."

"आणि मला जपायला सांगितलंस?"

"मग काय करू? माझ्या हातून मेली म्हटलं असतं तर ह्यांनी जन्मभर ऐकवलं असतं. तुला काय, दोन दिवस बोलले असते."

छोटूच्या अंगाचा तिळपापड झाला. पण चपलांचा आवाज जवळ आला आणि बहीणभावांनी मिळून कुंडी खड्ड्यात दाबली.

भावोजींनी चष्मा सारखा केला. झुडपाभोवती एक फेरी मारली. वाकले.

"ऊन उतरलं की बाकीच्यांना औषध घालून जातो," छोटू कसाबसा म्हणाला.

"कमाल आहे! आम्ही निघालो तेव्हा मान टाकली होती हिने." भावोजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "औषधपाण्याचंही कळतं तुला. तुझ्या ताईला नाही जमायचं हे. आजपासून बाग तुझ्याकडे. रोज सकाळी, ऑफिसच्या आधी येत जा."

छोटूने आशेने ताईकडे पाहिलं.

"मीही तेच म्हणणार होते," ताई म्हणाली आणि बॅग उचलून आत गेली.