फुग्यांचा डीएनए आणि गुलाबपाणी

संक्रांतीनंतरच्या रविवारी अनुपमाने पंख्याच्या हुकाला लांब दोरा टांगला, त्याच्या दोन्ही अंगांना फुगे बांधले आणि वडिलांच्या लोकरी माकडटोपीने ती एकेक फुगा घासू लागली.

"गो, माझी टोपी!" गुणाजी ओरडले. राग आला की बोरीवलीतही त्यांच्या तोंडी मालवणीच येई. "फुग्यांका थंडी वाजता काय?"

"बाबा, हा डीएनए आहे. याच्या दोन्ही अंगांना सारखाच विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून हा ताठ राहतो. पण एकाच अंगाचा भार गेला, तर हा त्या बाजूला वाकेल का? उद्या सेमिनारमध्ये सरांना दाखवायचंय."

घासलेले फुगे एकमेकांपासून फटकून, ताठ उभे राहिले. अनुपमाने ओल्या फडक्याने एक बाजू पुसायला घेतली, तर अख्खी माळ गुणाजींच्या बनियनला चिकटली. ती सोडवताना दोन फुगे फुटले.

आवाजाने शेजारच्या रत्नप्रभाकाकू दारात आल्या. "अय्या, वाढदिवस! आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"काकू, वाढदिवस नाही, डीएनए..."

पण काकूंनी हाक मारलीसुद्धा होती. त्यांच्या हळदीकुंकवाला आलेल्या साऱ्या बायका पोरांसकट आत शिरल्या. पोरं केक मागू लागली. गुणाजी निमूटपणे तिळगुळाचा डबा घेऊन फिरू लागले.

"लांब राहा, चिकटतील!" अनुपमा म्हणेपर्यंत फुगे काकूंच्या रेशमी साडीकडे झेपावले. "शुक शुक!" म्हणत काकूंनी, मांजर हाकलावी तशी, हातातली गुलाबदाणी त्यांच्यावर झटकली. भिजलेले फुगे मलूल होऊन एकमेकांना टेकले. पलीकडचे फटकूनच राहिले. माळ हळूहळू काकूंच्या बाजूला वाकली.

"वाकला! काकू, वाकला!"

"माझा काही दोष नाही हं. मी बोटही लावलं नाही."

बायका गेल्यावर अनुपमाने गुलाबदाणी मागून घेतली. तिच्या हातून कधी दोन्ही बाजू भिजत, कधी नुसती फरशी. माळ वाळत घातलेल्या ओल्या कपड्यासारखी लोंबे. मनगटाचा तो झटका काकूंनाच जमत होता.

दुसऱ्या दिवशी सेमिनारला पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, रेशमी साडी नेसून.

"एकाच बाजूचा भार घालवणार कसा?" सरांनी कुतूहलाने पुढे वाकून विचारलं.

"त्यासाठी यांना बोरीवलीहून आणलंय, सर. काकू, उजवी बाजू."

काकू उठल्या. पण मानाच्या माणसाआधी फुग्यांना गुलाबपाणी कसं द्यायचं? त्यांनी पहिला झटका सरांवर मारला.

सरांनी नकळत हात जोडून मान लववली. मग ओल्या चष्म्यातून माळेकडे बघत म्हणाले, "हं. आता त्याला वाकवा."