फुकट आहे, घेऊन जा

जुनी बाबागाडी देऊन टाकायची, एवढंच मी ठरवलं होतं. पण पाच महिने न झोपलेल्या बाईनं काहीच ठरवू नये, हे मला कुणी सांगितलं नाही. (सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. माझा स्वभाव आमच्या अख्ख्या बेटाला ठाऊक आहे.)

मी रानवा. वय चव्वेचाळीस. शाळा सातवीपर्यंत, मग मासळीच्या कारखान्यात सुरी हातात घेतली ती अजून खाली ठेवलेली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आता काही मूल होत नाही असं डॉक्टर, सासू आणि मी, तिघांनी मिळून ठरवून टाकलं, आणि पुढच्याच वर्षी बाइनिर झाला.

पोरगं गुणी. फक्त झोपत नाही. रात्री चाळीस मिनिटं झोपतं, मग दोन तास सगळ्या घराची हजेरी घेतं. दिवसा झोपलंच तर बाहेर, वाऱ्यात, भिंतीशी लावलेल्या गाडीत, जशी आमच्याकडची सगळी पोरं झोपतात. तेही कुणी गाडी हलवत राहिलं तर.

झोप नसली की माणसाचं काय होतं ते सांगते. कारखान्यात एका कॉड माशाला "श्शू, श्शू" करत थोपटताना मी मुकादमाला सापडले. माझा नवरा हान्नुस, बोटीवर पंचवीस वर्षं काढलेला गडी, एका सकाळी कुत्र्याला खांद्यावर घेऊन, पाठ थोपटत, त्याचा ढेकर काढत उभा होता. कुत्रा बिचारा गप्प होता. त्यालाही झोप नव्हती.

पण झोप नसण्यापेक्षा वाईट ती भीती. पोरगं रडलं की भीती, आणि गप्प बसलं की त्याहून मोठी भीती. मग त्याच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास लागतो का बघायचं. माझं बोट गार, त्यानं ते जागं व्हायचं, रडायचं, आणि आम्ही दोघं म्हणायचो, चला, जिवंत आहे.

तर बाबागाडी. आमच्याकडे दोन होत्या, दोन्ही गडद निळ्या. एक सासूची, हान्नुस जिच्यात वाढला ती. तिचं मागचं चाक असं कुरकुरायचं की पलीकडच्या गावात कळायचं, रानवा निघाली. दुसरी नणंदेनं पाठवलेली, बिनआवाजाची. मी म्हटलं, या कुरकुरीनंच पोरगं उठत असणार, जुनी काढा. आदल्या दिवशी मी नवी गाडी नीट झुलते का ते बघायला तिच्यात बाळाच्या वजनाची बटाट्याची पिशवी ठेवली, वर झाकण लावलं आणि अंगणात फिरवली. मस्त झुलली. मग पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "फुकट आहे. घेऊन जा." आमच्याकडे अशी पाटी लावून वस्तू दुकानाच्या भिंतीशी ठेवली की दुपारपर्यंत जाते. वर कुणी विचारतसुद्धा नाही.

सकाळी मी हान्नुसला हलवलं. "गाडी भिंतीशी आहे. पायानं झुलवत राहा. झाकण उघडलंस तर तुझी माझी गाठ आहे."

"झोपलाय?"

"झोपलाय. आणि उठला तर मी इथं परत येणार नाही."

मी जुनी गाडी ढकलत दुकानात गेले, पाटी अडकवली, पाव घेतला आणि घरी आले. परत येताना रस्ता कसा हलका हलका वाटत होता. मी म्हटलं, गाडीचं ओझं गेलं म्हणून असेल.

घरी हान्नुस स्टुलावर बसून पायानं नवी गाडी झुलवत होता, आणि हळू आवाजात मेंढ्या मोजायचं आईचं गाणं म्हणत होता. मी आत जाऊन माशाचं सार चढवलं. सार उकळलं. भांडी झाली. मी घड्याळ बघितलं आणि हातातलं फडकं तिथंच टाकलं.

बाहेर येऊन मी कुजबुजले, "किती वेळ झाला?"

"तास होऊन गेला."

"एकदाही हलला नाही?"

"नाही. म्हटलं ना, नवी गाडी चांगली आहे."

"हान्नुस, तो आयुष्यात एक तास झोपलेला नाही."

त्याचा पाय थांबला. गाडी दोनदा झुलली आणि उभी राहिली. आतून काही नाही. कुरकुर नाही, श्वास नाही, काही नाही. वारा पडला होता.

"तू उघड," तो म्हणाला.

"तू बसलायस इथं तासभर. तू उघड."

"तूच म्हणालीस, उघडलंस तर गाठ आहे."

"मेल्या, उघड."

त्यानं बटणं काढली, झाकण उचललं, आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. बटाटे. सात किलो बटाटे, व्यवस्थित झोपलेले.

हान्नुस एकदम खाली बसला. "मी बटाट्यांना गाणं म्हणत होतो," असं तो म्हणाला.

मला मात्र सगळं एकदम आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. सकाळी नव्या गाडीत घालायला मी बाइनिरला उचललं तर तो किंचाळला. म्हटलं, जरा जुन्या गाडीत डुलवू, डोळा लागला की हलवू. कुरकुर सुरू झाल्याबरोबर त्याचा डोळा लागला. हलवायचं राहिलं. त्याच्या आईनं, म्हणजे मीच, त्याला गावाच्या दुकानापर्यंत नेलं, वर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, फुकट आहे, घेऊन जा, आणि पाव घेऊन घरी आली.

मी धावले. ओट्यावरची चप्पल एका पायात, दुसऱ्या पायात हान्नुसचा गमबूट. दुकानाची भिंत मोकळी होती.

दुकानवाली सुनिवा गल्ल्यावर विणत बसली होती. "ती गाडी? गेली. फेरीबोटीवरच्या याकूपनं नेली. बाराच्या फेरीनं गेला बघ, आत्ताच. मेंढ्यांच्या खाद्याची दोन पोती न्यायची होती त्याला. म्हणाला, पाठ वाचली."

"पोती? कुठं ठेवणार तो?"

"गाडीत. नाहीतर कशाला नेईल?"

"सुनिवा, आत बाइनिर आहे."

तिच्या हातातल्या सुया थांबल्या. "झाकण लावलेलं होतं. मला दुसऱ्याच्या वस्तूत डोकवायची सवय नाही."

अख्ख्या गावात तेवढी एकच सवय तिला आहे, पण ते बोलायला वेळ नव्हता. तिनं फोन उचलला, मी धक्क्याकडे पळाले. माझ्या मागोमाग आलेल्या हान्नुसनं दारातूनच ऐकलं होतं, आणि त्याची छोटी बोट आधीच सोडून तयार ठेवली होती. फेरीबोट समोर, पाण्याच्या मध्यावर, पांढरी, खोक्याएवढी. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट: याकूपचे ते दांडगे हात, पन्नास किलोचं पोतं उचलतायत, आणि न बघता खाली सोडतायत. मी चर्चमध्ये फक्त नाताळला जाते, तेही सासू बघते म्हणून. त्या दिवशी मी देवाला सगळं कबूल केलं. पोरगं लग्न होईपर्यंत झोपलं नाही तरी चालेल म्हटलं.

"जोरात मार," मी म्हणाले.

"याहून जोरात मारलं तर इंजिन तुझ्या मांडीवर येईल."

"येऊ दे."

फेरीबोटीच्या बाजूची शिडी मी गमबुटानं आणि चपलेनं चढले. वरची माणसं बाजूला झाली. याकूप केबिनच्या दारात उभा, तोंडात पाइप.

"पोती कुठं आहेत?" मी विचारलं.

"डेकवर. गाडीत कशी ठेवू? आत आधीच माल होता."

"कुठाय?"

"इंजिनच्या दाराशी, उबेत. पोतं ठेवायला झाकण उघडलं तर हा. मी दुकानात फोन लावत होतो, तर सुनिवाचा फोन सारखा गुंतलेला. पाटी तर तुझ्याच अक्षरात." त्यानं पाइप काढला. "मी म्हटलं, रानवानं शेवटी हात टेकले. तुला दोष दिला नाही हो. आमची धाकटी अशीच होती."

मी गाडीत वाकले. बाइनिर लालबुंद गालांनी झोपला होता, मूठ कानाशी. खाली इंजिन घरघरत होतं, त्याबरोबर जुनं चाक बारीक कुरकुरत होतं. मी नाकाखाली बोट धरलं. बोट गार होतं. तो हलला नाही, नुसता श्वास सोडला, लांब, म्हाताऱ्यासारखा.

मग मी रडले. ते कुणाला सांगायचं नाही.

हान्नुस शिडीच्या तोंडाशी आला, पोराला बघितलं आणि कठड्याला धरून उभा राहिला. मी म्हटलं, "आता याला इथून हलवायचं नाही. फेरी संपेपर्यंत मी बसते. नुसती बसते." आणि गाडीशेजारी दोरांच्या ढिगाऱ्यावर बसले, हात गाडीच्या दांड्यावर. एक क्षणही डोळा काढणार नव्हते.

जाग आली ती याकूपच्या खाकरण्यानं. अंगावर त्याचा लोकरीचा जाड कोट होता. गाडी नव्हती.

मी ताडकन उठले. "बाइनिर."

"बस, बस. उठला तो मघाशीच, हसत. हान्नुस घेऊन गेला घरी, दुसऱ्या फेरीला. तुला तिघांनी हलवलं. मी बोटीचा भोंगासुद्धा वाजवला."

"आता कितवी फेरी?"

"सहावी."

काहीतरी टोचत होतं म्हणून मी मान खाली घातली. माझ्या स्वेटरच्या बटणाला पुठ्ठा अडकवलेला होता. माझंच मोठं अक्षर.

"हे कुणी केलं?"

"हान्नुसनं. जाताना." याकूपनं पाइप झटकला, आणि मला खरंच वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "अगं, माणसं येतात, वाकून वाचतात, तुझ्याकडे बघतात, आणि पुढं जातात. दोन्ही बेटांची माणसं झाली. कुणी नेलं नाही."