हातकणंगल्याची शिकस्त आणि गारगोटीस मेंढरूं सांपडलें त्याची हकीकत

प्रभुकृपेंकरून लिहिणार लिहितो, ऐकणारांनीं पंखा बारीक करून सावध बसावें. करवीर प्रांतीं, मोबाईलच्या अमलांत, एका प्रार्थनामंदिराच्या पदरीं हातांत चढवून बोलवावयाच्या बाहुल्यांची जी फौज होती, तिनें शिकस्त कैसी खाल्ली आणि मग फत्ते कैसी केली, तें जैसें घडलें तैसें नमूद केलें असे.

फौजेचे खासे सरदार तीन. राजश्री सम्राटराव आवळे, फ्लेक्स छापण्याच्या दुकानाचे धनी, देह पैलवानी, हे मेंढपाळ बाहुला चालवीत. त्यांचें कुटुंब सौभाग्यवती मोनाबाई, शाळेंत गणित शिकवीत आणि येथें मेंढरूं चालवीत. तिसरी स्वप्नाली, कॉलेजांत जाणारी, तिजकडे लांडग्याचा हुद्दा. खेळ एकच, हरवलेल्या मेंढराचा. मेंढरूं रानांत चुकतें, लांडगा दबा धरितो, मग मेंढपाळ येऊन मेंढरास खांद्यावर घेऊन घरीं नेतो आणि मुलें टाळ्या वाजवितात, ऐसा दस्तूर.

परंतु हातकणंगल्याचे मोहिमेंत पडद्यामागें बेबंदशाही माजली. बाहुल्यांवर चपला, चपलांवर चहाचे कप, आणि ऐन भेटीचे समयीं हरवलेलें मेंढरूं खरेंच हरवलें. मोनाबाई गोणींत शोधितात, स्वप्नाली टेबलाखालीं शोधिते, वर मेंढपाळ एकटाच ताटकळतो. मग सम्राटरावांनीं हातास लागलें तें उचललें, खांद्यावर घेतलें आणि मोठ्या मायेनें घरीं नेलें. तो लांडगा होता. मुलांनीं एकच आकांत केला, आणि त्या गर्दींत पडद्याची पाईप ढळून तिन्ही सरदार ओणव्यानें उघडे पडले.

ही खबर प्रार्थनामंदिराचे पंच बाळासो यांस पोंचली. त्यांनीं फर्मान सोडिलें कीं, आतां गारगोटीस मुलांचा मेळावा आहे, तेथें एक संधी. तेथेंही फजीती जाली तर बाहुल्या ट्रंकेंत घालून कुलूप लावावें आणि प्रोजेक्टर आणून कार्टून दाखवावें.

हें ऐकून झुंबरबाईंच्या काळजास घाव बसला. झुंबरबाई म्हणजे इस्पितळांतील निवृत्त सिस्टर, ऑपरेशन थिएटरांत उमर घालविलेल्या. सगळ्या बाहुल्या त्यांनींच शिविल्या. आणि मेंढराची लोकर म्हणजे त्यांच्या दिवंगत धन्यांचा पांढरा स्वेटर. तो कुलपांत जाणार, हें त्यांस साहवेना. मग त्यांनीं आपण होऊन पडद्यामागील सरलष्करपद घेतलें आणि हुकूम जारी केले कीं, हरेक बाहुलीस आपली खुंटी असावी, आणि जी आधीं येणार ती आधीं टांगावी, आणि उतरली कीं त्याच खुंटीस परत जावी. कपडे काळे, बांगड्या मना, बडबड मना, चहा तर सरहद्दीबाहेर. हात कानास लावून सरळ उभा धरावा, नाहींतर बाहुली बुडते. तोंड उघडतां अंगठा खालीं न्यावा, बोटें वर उडवूं नयेत, नाहींतर बाहुली आभाळ चावते. आणि नजर नेहमी मुलांकडे.

सम्राटरावांनीं अर्ज केला कीं, हात भरून येतो. त्यांस हुकूम जाला कीं, रोज दळणाचा डबा डोक्यावर धरून उभें राहावें. मोनाबाईंनीं हा बंदोबस्त जातीनें पाहिला आणि त्यांस त्यांत फार आनंद वाटला. शेवटीं झुंबरबाईंनीं तिघांचे डोळे बांधून खुंट्यांवरून बाहुल्या काढविल्या, घालविल्या, तेव्हां कोठें त्यांचें समाधान जालें.

मग मोहीम निघाली. टेंपोंत फौज, पुढें ड्रायव्हरशेजारीं पंच बाळासो, निकाल करण्यास्तव गंभीर मुद्रेनें विराजमान. बिद्रीनजीक उसाच्या ट्रॅक्टरांनीं वाट अडविली आणि गारगोटीस पोंचण्यास उशीर जाला. मुलें सतरंजीवर चुळबुळ करीत होतीं. परंतु आतां हरेक जिन्नस आपल्या पिशवींत होता. पाईप जोडली, काळे पडदे ताणिले, आणि मुलांचें दुसरें गाणें सरण्यापूर्वीं मोर्चे उभे राहिले.

खेळ रंगांत आला. संवाद आधीं ध्वनिमुद्रित करून घेतले होते, शुद्ध पुस्तकी भाषेंत. मेंढपाळानें रानांत येऊन तोंड उघडलें, आणि तेचसमयीं वीज गेली. स्पीकर मुका जाला. बाहेर दिवसाचा उजेड, परंतु काळ्या पडद्यांमागें काळाकुट्ट अंधार. मेंढपाळ नुसतीच हनुवटी हलवितो आणि बाळासो कपाळास आठ्या घालितात, ऐसा बिकट प्रसंग गुदरला.

परंतु अंधारांत मोनाबाईंचा हात नेमका मेंढराच्या खुंटीस गेला आणि मेंढरूं हातांत चढलें. मग झुंबरबाईंचा दबका हुकूम आला, "तोंडं हायत न्हवं? बोला की!"

सम्राटरावांस पुस्तकी संवादांतील अक्षर आठवेना. त्यांनीं आपल्याच भाषेंत हांक मारिली, "अगं ए मेंढरा! कुठं हाईस?"

मुलें ओरडलीं, "मागं! मागं बघ!"

मेंढरूं कडाडलें, "आत्ता व्हय आलास? सकाळधरनं वरडाय लागलीया मी!"

"ट्रॅक्टर आडवं आलतं वाटंत."

"तुझं नेहमीचंच हाय!"

हा तंटा रानांतील कीं आवळ्यांच्या स्वयंपाकघरांतील, हें कोणास कळेना. मुलें लोळूं लागलीं, मुलांच्या आया पदर तोंडांत घालून हसूं लागल्या. तेव्हां लांडग्यानें हळूच डोकें वर काढून पुशिलें, "पावणं, भांडण मिटूस्तवर थांबू काय मी?" मेंढपाळानें त्यास काठीनें रानापार पिटाळिलें. मांडवांत शिट्यांचा कल्लोळ जाला.

मग मेंढरूं एकाएकीं हळू आवाजांत म्हणालें, "इतकी मेंढरं हायत की तुझ्याकडं. मी एकटीच न्हाय घावली, तर काय बिघडलं असतं?"

हें कोठें लिहिलेलें नव्हतें. सम्राटरावांचा हात भरून आला होता, परंतु खालीं आला नाहीं.

"बाकीची समदी घरात आली," ते म्हणाले. "पर दार लावाय हात हुईना."

आणि त्यांनीं मेंढरास खांद्यावर घेतलें. या वेळीं मेंढरासच घेतलें. टाळ्या ऐशा जाल्या कीं कावळे उडाले. अंधारांत झुंबरबाईंनीं नाक पुसलें तें कोणीं पाहिलें नाहीं. बाळासोंनीं चष्मा पुसला तो सर्वांनीं पाहिला.

खेळ सरतांच बाळासो पडद्यामागें आले. प्रोजेक्टरचा शब्द काढिला नाहीं. त्यांनीं खुंटीवरील लांडगा निरखिला, हातांत चढविला, अंगठा खालीं नेऊन जबडा उघडून पाहिला आणि अर्ज गुजरिला कीं, स्वप्नालीची परीक्षा असेल तेव्हां हा हुद्दा आम्हांस मिळावा. झुंबरबाईंनीं आधीं त्यांच्या हातांतील अंगठ्या उतरविल्या, मग अर्ज मंजूर केला.

येणेंप्रमाणें गारगोटीची फत्ते जाली. इतुक्यांत सतरंजीवरील एक लहानगी पडदा सारून आंत शिरली. तिनें मोनाबाईंकडे पाहिलेंच नाहीं. त्यांच्या हातांत अजून चढलेल्या मेंढराच्या लोकरीवरून हात फिरवून तिनें पुशिलें, "रानात कायबी खाल्लं नसशील न्हवं?" आणि मुठींतील गुळाचा खडा त्याच्या तोंडांत घातला. मोनाबाईंनीं कांहीं बोलावें म्हणून सर्व सरदार वाट पाहते जाले. मेंढरूं बोललें नाहीं. तोंड भरलें होतें.