साळुंकीच्या गाण्याने सुटणारी खाज

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना खाज सुटली होती. साधीसुधी नव्हे. गवेराजे दरबार सोडून सागाच्या खोडाला पाठ घासत बसायचे. हरणं उगाचच नाचायची. अस्वल गडाबडा लोळायचं आणि लोळता लोळता दिसेल त्याला म्हणायचं, "जरा डावीकडे खाजव रे!"

खवले मांजर तिथले वैद्य होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी आठ दिवस सगळ्या वाटा पालथ्या घातल्या. मग दरबारात सांगितलं, "वरच्या पाणवठ्याच्या वाटेवर खाजकुइलीच्या शेंगा वाळल्यात. वाऱ्याने त्यांची कुसं उडतात. बहुधा तेच कारण असावं."

"बहुधा?" गवेराजे ओरडले. "मला खाज बहुधा सुटत नाही, अण्णा! नक्की सुटते!"

"चार दिवस खालच्या पाणवठ्यावर जाऊन पाहू, महाराज. मग जास्त खात्रीने सांगता येईल."

"तुम्हाला कसली घाई? अंगभर खवले!" असं म्हणत प्रधान वानर पुढे आला. त्याने झाडाच्या सालीवर रेघा ओढून आणल्या होत्या. "महाराज, चौदा दिवस सकाळी साळुंकी गायली. चौदाही दिवस त्यानंतर खाज सुटली. कारण नक्की आहे. साळुंकीला हाकला!"

समोरच्या झाडाच्या ढोलीत साळुंकी तीन अंडी उबवत बसली होती. अंडी फुटायला अजून चार दिवस होते. ती अंड्यांवर आणखी दबून बसली.

"चौदाही दिवस सूर्य उगवला होता," अण्णा म्हणाले.

गवेराजांनी मान वर करून पाहिलं. "सूर्य फार उंच आहे. साळुंकी जवळ आहे. उद्या सकाळी तिने जंगल सोडावं."

दरबार उठल्यावर अण्णा ढोलीखाली आले. साळुंकी रडवेल्या आवाजात म्हणाली, "अण्णा, एकदा तरी नक्की म्हणा ना! माझ्या पिल्लांसाठी."

"कसं म्हणू गं, ताई? अजून तपासलंच नाही."

"नव्वद टक्के?"

"ऐंशी."

"पंच्याऐंशी?"

"बाई गं, ही काय मंडई आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकी गायलीच नाही. तरी सगळं जंगल खाजवत तिला हाकलायला जमलं.

"आज गाणं नव्हतं, तरी खाज आहे," अण्णा म्हणाले.

"मनात गायली असेल!" वानर म्हणाला.

आणि साळुंकीने ढोलीतून डोकं बाहेर काढलं. "हो! मनातच गायले! माझ्याच गाण्याने खाज सुटते. शंभर टक्के! आणि उताराही माझ्याच गाण्यात आहे. मी गेले, तर तो कोण गाणार?"

वानराचा खाजवणारा हात थांबला. "मग गा की लवकर!"

"नुसतं गाऊन भागत नाही, भाऊ. चार दिवस सगळ्यांनी खालच्या पाणवठ्यावर जायचं. तिथे डुंबायचं. मी इथून गाईन. वरच्या वाटेवर कोणी पाऊल जरी टाकलं, तरी उतारा उलटतो."

जंगल चार दिवस डुंबलं. साळुंकी घसा फाटेपर्यंत गायली. चौथ्या दिवशी खाज गेली, आणि अंडी फुटून तीन पिल्लं चोची वासून बाहेर आली. अस्वल पुन्हा लोळलं, पण या वेळी आनंदाने.

"आता सांगा अण्णा, गाण्यानेच गेली ना?" गवेराजांनी विचारलं.

"बहुधा नाही. पण गाण्याने काहीच झालं नाही, असं छातीठोकपणे सांगायचं तर वेगळं तपासावं लागेल."

"ऐकलंत?" वानर टुणटुण उड्या मारत ओरडला. "वैद्यांनीसुद्धा नाकारलं नाही!"

साळुंकीला तिथल्या तिथे राजवैद्य नेमलं. ती लाजली. मग तिने अण्णांना आपल्या हाताखाली घेतलं, कारण अस्वल आता खोकू लागलं होतं. खोकल्याचं कारण अण्णा शोधणार होते. चाल ती लावणार होती.

तात्पर्य: मुलांनो, कारण शोधणाऱ्याने 'बहुधा' म्हणावं आणि सांगणाऱ्याने 'नक्की' म्हणावं. राजवैद्य व्हायचं असेल, तर दुसरं काम घ्यावं.