क्विटसेटच्या दीपगृहाची काच

क्विटसेटच्या दीपगृहाच्या माथ्यावरच्या खोलीत चार दिवे, तेलाचं एक पिंप, एक शिडी आणि अठ्ठेचाळीस काचा होत्या. ऑक्टोबरातल्या एका सकाळी राखणदार ओबेड स्वेन वर चढला, तेव्हा चारही दिवे विझलेले होते, काचा सत्तेचाळीस होत्या आणि एक मेलेला रानहंस होता.

भोक माणूस बसेल एवढं होतं. समुद्रावरचा वारा त्यातून थेट दिव्यांवर यायचा. वात पेटवली की विझायची. कॉड मासे पकडायला गेलेल्या बोटी महिनाअखेर परतणार होत्या. दीपगृहाखालच्या समुद्रात खडक होते आणि एका बोटीवर ओबेडचा मुलगा सायलस होता.

पूर्वी ओबेड बॉस्टनला निरोप धाडायचा आणि काच यायची. पण आता देशाला राज्यघटना मिळाली होती. एका सरकारच्या जागी दोन सरकारं झाली होती, एक राज्याचं आणि एक केंद्राचं. त्यामुळे बॉस्टनहून राज्याचे थॅक्स्टरसाहेब आले, न्यूयॉर्कहून केंद्राचे लिस्पेनार्डसाहेब आले. काच आली नाही.

"दीपगृहं केंद्राकडे गेली, तसा कायदाच झालाय," थॅक्स्टरसाहेब म्हणाले. "काच तुम्ही द्या."

"कायदा झाला, पण जमीन अजून तुम्ही आमच्या नावावर केलेली नाही," लिस्पेनार्डसाहेब म्हणाले. "म्हणजे तूर्त उजेड आमचा आणि बुरूज तुमचा. काच बुरुजात बसते."

"पण उजेड काचेतून जातो."

"जातो ना. तिथे मुक्काम करत नाही."

ओबेडने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "साहेब, भोक कुणाचं ते मागाहून ठरवा. बोटी यायला झाल्यात."

"भोक कुणी पाडलं, यावरच ते कुणाचं हे ठरतं," लिस्पेनार्डसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "हंस इथला असेल तर बाब राज्याची. कॅनडातून आला असेल तर तो इंग्रजांच्या राजाचा, म्हणजे बाब परराष्ट्र व्यवहाराची, म्हणजे आमची. हंस हजर करा."

"खाल्ला," ओबेडची बायको केझिया म्हणाली.

"नागरिकत्व ठरायच्या आधी?"

"भूक लागली होती, साहेब. कांदे घालून भाजला."

थॅक्स्टरसाहेब पुढे सरकले. "कसा लागला?"

"चिवट."

"बघा. लांबून उडत आलेला. परदेशी."

"चिवट म्हणजे म्हातारा," लिस्पेनार्डसाहेब म्हणाले. "म्हातारपणी कोण एवढा प्रवास करतो? तुमच्याच दलदलीत वाढला आणि तुमच्याच बुरुजावर मेला."

दुसऱ्या दिवशी दोन्ही साहेब प्रत्यक्ष पाहणीसाठी दलदलीत उतरले. त्यांना पाहताच सगळे हंस उडून गेले. थॅक्स्टरसाहेबांनी लिहिलं, की हंस परदेशी असल्याने पळाले. लिस्पेनार्डसाहेबांनी लिहिलं, की हंस इथलेच असून राज्य सरकारवर त्यांचा विश्वास उरलेला नाही.

त्या दुपारी ओबेडने स्वयंपाकघराच्या खिडकीची काच काढली आणि जिना चढू लागला. अर्ध्यावर त्याला दोघांनी गाठलं.

"ही खिडकी राज्याच्या घराची आहे," थॅक्स्टरसाहेब म्हणाले. "राज्याची मालमत्ता केंद्राच्या उजेडाला? असा पायंडा पडला तर उद्या दार मागतील."

"आणि आम्ही राज्याकडून भेट घेतली असं होईल," लिस्पेनार्डसाहेब म्हणाले. "त्याला संसदेची मंजुरी लागते. संसद डिसेंबरात बसते."

दोन्ही सरकारांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती. दोघांनी हात मिळवले. ओबेडने काच खाली नेली.

केझियाचा संयम सुटला. ती तरातरा वर गेली, शाल घट्ट गुंडाळली आणि भोकात पाठ टेकवून बसली. वारा थांबला. ओबेडने चारही वाती पेटवल्या, त्या तेवत राहिल्या.

"उठा बाई," थॅक्स्टरसाहेब म्हणाले. "तुम्ही कुणाच्या अखत्यारीत बसलात?"

"मी कुणाची मालमत्ता आहे का? राज्याची? केंद्राची?"

साहेबांनी घटनेची प्रत काढली. पहिल्याच ओळीत 'आम्ही लोक' असं होतं. दोघांनी ती ओळ दोनदा वाचली. सगळी सत्ता लोकांकडून येते. तेव्हा लोक कुठेही बसले तरी ते कुणाच्याही अधिकारावर अतिक्रमण होत नाही.

"पण बाईमाणूस लोकांत धरायचं का?" थॅक्स्टरसाहेबांनी शंका काढली.

"मत देताना नाही," लिस्पेनार्डसाहेब म्हणाले. "भोक बुजवताना धरायला हरकत नसावी."

मग गावात पाळ्या लागल्या. लोहार बसला, पाद्री बसले, पाद्रीबाई बसल्या. थंडी बाधू नये म्हणून बुरुजावर येताना पाठीला चरबी चोळून येण्याची सूचना चर्चमध्ये वाचून दाखवण्यात आली. घटनेच्या पहिल्या ओळीत आपण आहोत याचा लोकांना अभिमान वाटत होता, आणि ज्याला खोकला झाला त्याला तर जास्तच. ज्यांचा नंबर लागला नाही, ते आपल्याला डावललं म्हणून तक्रार घेऊन आले.

महिनाअखेरीस दाट धुक्यात बोटी आल्या. दिवा दिसत होता. एकही बोट खडकावर गेली नाही. सायलस धावतच जिना चढला. भोकात त्याची आई होती, ओठ निळे पडलेले.

"आई, ऊठ. काच कुठाय?"

"हळू बोल," ओबेड म्हणाला. "आई घटनेत आहे."

सायलसने साहेबांकडे पाहिलं. "अहो, एक काच बसवायला एवढं काय लागतं?"

"बाळ, काच आज आहे, उद्या फुटते," लिस्पेनार्डसाहेब म्हणाले. "लोक टिकतात. बसतोस का? आईला जरा आराम."

सायलस बसला.

नोव्हेंबरच्या वादळात आणखी सहा काचा गेल्या. दोन्ही साहेब पुन्हा आले, वर जाऊन सात पाठी मोजल्या, खाली गावातली उरलेली डोकी मोजली आणि एकाच अहवालावर सह्या केल्या. बसवलेल्या काचा: शून्य. खर्च: शून्य. शिल्लक लोक: चौतीस.